पांबू सारांचा सरडा

पांबू सारांना वेळ विचारू नये, असं आमच्या कॉलेजात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगायचं. विचारली तर ते मनगट वर धरून सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबायचे आणि मग म्हणायचे, ‘अकरा सतरा.’ विचारणारा तोवर जिना उतरून गेलेला असला तरी म्हणायचेच. ‘सव्वाअकरा’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ‘साधारण’, ‘जवळपास’, ‘बरेच’ असं कोणी बोललं की भातात खडा लागल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

पांबू म्हणजे तमिळमध्ये साप. प्राणिशास्त्र विभागाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. तिच्यात काचेच्या बाटल्यांमधून साप, सरडे, बेडूक, मासे ठेवलेले होते. त्या खोलीचे ते कीपर. प्राध्यापक नव्हते, डेमॉन्स्ट्रेटरही नव्हते. शिक्षण बी.एस्सी.पर्यंत, तेही रखडत झालेलं. तरी त्यांना सगळे ‘सार’ म्हणायचे, आणि पुण्याहून पीएच.डी. करून आलेल्या मला ‘मिस’. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून टोचली. आता ते गेले, त्यालाही दीड वर्ष झालं. टोचणं मात्र पूर्ण थांबलं असं म्हणवत नाही.

वेष्टी नेसून तिच्यावर ते गुडघ्यापर्यंतचा पांढरा कोट घालत. कपाटांच्या किल्ल्या जानव्याला बांधलेल्या असत. जानवं काही तेवढं लांब नव्हतं, त्यामुळे कुलूप उघडताना ते कपाटाला छाती भिडवून, गाल काचेला टेकवून उभे राहत. पोरं हसत. ते म्हणत, ‘हसा. किल्ली हरवलेली नाही आजवर.’ दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक बाटलीतलं स्पिरिट किती उतरलं ते पट्टीने मोजून भरायचं, हा त्यांचा नेम. त्या दिवशी ते कोणाशी बोलत नसत. तसे एरवीही फार बोलत नसत.

पण पोरं त्यांच्यापाशीच जमायची. माझा तास संपला की ती घोळक्याने वर जायची. मी कल्ल्यांमधल्या परजीवींवर चार वर्षं काम केलं होतं. माझा प्रबंध माझ्या मार्गदर्शकांनी तरी पुरता वाचला होता की नाही, शंकाच आहे. आणि हा माणूस एक बेडूक उलटा धरून, ‘इकडे बघ. बोटं किती? मोजलंस?’ एवढंच म्हणायचा, आणि वीस डोकी त्या बेडकावर वाकायची. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. कधीकधी मलाही वाकावंसं वाटायचं. मग मी खाली स्टाफरूममध्ये जाऊन बसायचे.

आम्ही दोघे एकाच वस्तीतले. तंजावूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये आमची मराठी घरं आहेत, राजांच्या काळी इकडे आलेल्यांची. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, ऑफिसात इंग्रजी. आमच्या मराठीत अजून ‘इकडे’ला ‘हिंगड’, ‘तिकडे’ला ‘तिंगड’, ‘सगळं’ला ‘अस्कं’ असे शब्द आहेत. पुण्यात माझ्या तोंडून ‘अस्कं जेवण संपलं’ असं गेलं होतं, तेव्हा हॉस्टेलच्या मुली दोन दिवस हसत होत्या. देवनागरी मी तिथेच शिकले, तेविसाव्या वर्षी. तंजावूरच्या आमच्या घरांत ती वाचणारे थोडेच. पांबू सारांना येत नव्हती. ते मराठी तमिळ लिपीत लिहायचे. त्यांच्या वह्या बाहेरच्या कोणाही माणसाला वाचता आल्या नसत्या. तमिळ माणसाला अक्षरं कळली असती, भाषा नाही. महाराष्ट्रातल्या माणसाला भाषा कळली असती, अक्षरं नाहीत. कॉलेजात त्या वाचू शकणारी मी एकटीच होते.

चारचौघांत ते मला ‘मॅडम’ म्हणत. आम्ही दोघेच असलो की ‘तू’ आणि ‘गे’.

मी लागल्याच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजची तपासणी करायला समिती यायची होती. विभागप्रमुखांनी म्युझियमची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी सगळ्या बाटल्यांना नवी छापील लेबलं लावली. एका बाटलीत वीतभर लांबीचा, करंगळीपेक्षा बारीक, तांबूस तपकिरी प्राणी होता. आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने निकोबारच्या एका बेटावरून पाठवलेला. नारळाच्या मुळांत सापडला, एवढीच नोंद होती. मी त्यावर ‘वाळा’ या जातीच्या आंधळ्या सापाचं लॅटिन नाव छापलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर माझ्या लेबलावर पेन्सिलची एक रेघ, आणि खाली तमिळ अक्षरांत मराठी दोन शब्द: साप नव्हे.

मी वर्गातली पंधरा पोरं मागे घेऊन उभी होते. त्यांनी अक्षरं वाचली, अर्थ मला विचारला. मी सांगितला नाही. पांबू सार कपाटाला चिकटून किल्ली फिरवत होते.

‘हे तुम्ही खोडलंत?’ मी तमिळमध्ये विचारलं.

‘हो मॅडम.’

‘का?’

‘पाय नाहीत म्हणून साप होत नाही, मॅडम.’

त्यांनी तो प्राणी चिमट्याने काढून ताटलीत ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि सुई शेपटीच्या मुळाशी नेली. ‘इथे बघा.’ मी पाहिलं. गुदद्वाराच्या दोन बाजूंना दोन इवलेसे पडदे होते, तांदळाच्या कणीहून लहान. मागचे पाय. म्हणजे पायांचं जे उरलं होतं ते. नरालाच असतात, ते म्हणाले. मग त्यांनी तोंड उघडून खालच्या जबड्यातले बारीक दात दाखवले. वाळ्याच्या खालच्या जबड्यात दात नसतात. हा सरडा होता. पाय नसलेला, डोळे कातडीखाली गेलेला, मातीत राहणारा सरडा. पोरं एकामागून एक डोळा लावू लागली. मी बाजूला सरकले. माझे कान तापले होते. मी पीएच.डी. आहे हे त्या खोलीत त्या वेळी कोणाच्याही लक्षात नव्हतं.

त्यानंतर वर्षभर ते त्या सरड्यामागे होते. निकोबारात अशी एक जात आधीपासून माहीत होती. तिचं जुनं वर्णन त्यांनी कुठूनतरी झेरॉक्स करून आणलं. दुपारी डबा खाऊन झाला की ते मोजायला बसत. अंगाभोवती खवल्यांच्या रांगा किती, ओठावर खवले किती, नाकापासूनची शिवण, म्हणजे खवल्यांमधली रेघ, डोळ्यापर्यंत जाते की अलीकडे थांबते. एक मोजणी दहा वेळा. दहाही वेळा आकडा तोच आला तर वहीत. नाहीतर पुन्हा दहा वेळा. मी खालून वर येता-जाता बघायचे. एकदा त्यांनी मला बोलावलं.

‘पुस्तकातल्यापेक्षा रांगा चार कमी आहेत गे. शिवणही वेगळी. हा तो नव्हे.’

‘एकाच नमुन्यावरून कसं म्हणता? एखादा तसाच असेल.’

‘असेल. म्हणून ज्याच्यापाशी आणखी आहेत त्याला विचारायचं. मला इंग्रजी लिहिणं जमत नाही. तू लिही.’

त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली.

हा प्रसंग मी अनेकदा आठवून पाहिला आहे, म्हणून सावकाश सांगते. मी स्टाफरूममध्ये बसून त्या वहीचं इंग्रजी करत होते. दूरच्या एका शहरात सरड्यांवर काम करणारे एक संशोधक होते, त्यांना ईमेल लिहायचं होतं. वहीत प्रत्येक ओळ अशी: ‘रांगा मोजल्या. वीस.’ ‘ओठ पुन्हा मोजला. डावीकडे तीन.’ मराठीत ‘मोजलं’ म्हटलं की भागतं, कोणी मोजलं ते सांगावं लागत नाही. इंग्रजीत कोणीतरी लागतं. मी पहिल्या वाक्यावर थांबले. खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसत होती. तिच्याकडे बघत थोडा वेळ बसले, आणि मग लिहिलं, ‘आय काउंटेड.’ मी मोजल्या. पुढची सगळी वाक्यं त्याच्यामागून आपोआप तशीच होत गेली. खाली माझं नाव, हुद्दा, पदवी. मी स्वतःला सांगितलं, म्युझियमची इनचार्ज मी आहे, पत्र माझ्याच नावाने जायला हवं. ते खरंही होतं. पण टाकीकडे बघत मी बसले होते, तेवढा वेळ मला हे खोटं आहे हे ठाऊक होतं.

चार दिवसांत उत्तर आलं. मोठं, उत्साहाने भरलेलं. त्याच बेटावरचे दोन नमुने त्यांच्याकडे कित्येक वर्षं ओळख न पटता पडून होते. माझी पत्रातली मोजणी वाचून त्यांनी ते काढले, तर आकडे जुळले. इतकी काटेकोर मोजणी आपण क्वचित पाहिली आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. ‘तुमची मोजणी’ हे शब्द त्या पत्रात तीन वेळा होते. मी ते छापून काढलं, दोनदा वाचलं. माझ्या प्रबंधाबद्दल कोणी असं एक वाक्यही लिहिलं नव्हतं. मग वर जाऊन पांबू सारांना सांगितलं, ‘त्यांचेही आकडे जुळतात म्हणे.’

‘किती?’

‘वीस.’

त्यांनी मान हलवली आणि बाटलीचं झाकण घट्ट करायला लागले. मी खाली आले.

पाच महिन्यांनी संशोधकांना आमचा नमुना हवा झाला. एखाद्या जातीचं पहिलं वर्णन ज्या नमुन्यावरून होतं, तो मोठ्या संग्रहात राहावा लागतो. म्हणजे ती बाटली कायमची जाणार होती. मी कुरियरला फोन करणार होते. पांबू सार म्हणाले, ‘मी नेतो.’ सुट्टी टाकून गेले. काचेची बाटली गाडीत फुटेल म्हणून त्यांनी सरडा स्पिरिटात भिजवलेल्या कापडात गुंडाळला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि घरच्या ‘तूक्क’मध्ये ठेवला. तूक्क म्हणजे आमच्याकडचा कडीचा स्टीलचा डबा, ज्यातून सांबार नेतात. त्यांच्या थोरल्या बहिणीने, आमच्या गल्लीतल्या अक्कांनी, तो डबा नंतर पुन्हा घरात घेतला नाही. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं म्हणे, डब्यात काय आणलंय? यांनी खरं सांगितलं. बाई दुसऱ्या डब्यात जाऊन बसल्या.

‘भेटले का ते?’ ते परत आल्यावर मी विचारलं. मला दोन रात्री झोप नव्हती. भेटले असते तर सगळं उघड झालं असतं.

‘दौऱ्यावर होते. दुपारी येणार होते. क्लार्ककडे देऊन आलो.’ त्यांनी पोचपावती माझ्या टेबलावर ठेवली. ‘बाटली रिकामी आहे आता. तिच्यात काय ठेवू?’

मी सुटकेचा श्वास सोडला, एवढंच मला त्या वेळचं आठवतं.

पुढच्या वर्षी शोधनिबंध आला. नवी जात होती. नाव देताना संशोधकांनी माझा मान राखला होता. माझ्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून ते नाव केलं होतं. खाली खुलासा होता की तंजावूरच्या एका कॉलेजात धूळ खात पडलेल्या नमुन्याचं वेगळेपण या बाईंनी प्रथम ओळखलं, म्हणून त्यांचं नाव. म्युझियमच्या कीपरांचे, नमुना आणून दिल्याबद्दल, शेवटच्या परिच्छेदात आभार होते. म्हणून इथे मी त्या सरड्याचं नाव सांगत नाही आणि माझंही सांगत नाही.

कॉलेजने सत्कार केला. शाल, चंदनाचा हार, तमिळ पेपरात फोटो. प्राचार्य भाषणात म्हणाले, सापातून सरडा ओळखणारी नजर आमच्याकडे आहे. पांबू सार सभागृहात मागे, दाराशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. नंतर चहाच्या वेळी एका मुलीने मला विचारलं, ‘मिस, बेडूकमाशाचे ते छोटे पाय सुईने कसे वर काढायचे? माझ्याने फाटतात.’ मी काहीतरी बोलत होते, तेवढ्यात ते मागून म्हणाले, ‘ओल्या ब्रशने. सुईने नाही.’ मुलगी त्यांच्याकडे वळली. अंगावर शाल होती, गळ्यात हार होता, आणि तरी मला त्यांचा हेवा वाटला. त्यांचं जे होतं ते मी घेतलं होतं, पण मुलगी वळली ती त्यांच्याकडेच.

ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी जानव्याच्या किल्ल्या सोडून माझ्या हातात दिल्या. मी त्या पर्समध्ये टाकल्या. एकही वेळ अशी गेली नाही की त्या शोधाव्या लागल्या नाहीत.

सहा महिन्यांनी संशोधकांचं ईमेल आलं. दक्षिणेत येतोय, तंजावूरला दोन दिवस थांबेन, तुमच्या संग्रहातले बाकीचे सरडे तुमच्याबरोबर बसून मोजायचे आहेत. येण्याचा दिवस पंधरवड्यावर होता. मी रजा टाकली आणि पांबू सारांच्या घरी गेले.

ते तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडेच्या ओट्यावर, बसून कात्रीने लेबलं कापत होते. कसली ते मी विचारलं नाही. घरात आता बाटल्या असाव्यात.

‘सार, मला खवले मोजायला शिकवाल? पंधरा दिवसांत?’

‘तुझ्या नावाचा सरडा आहे,’ ते म्हणाले, ‘आणि तुला मोजता येत नाही.’

त्यांनी हे विचारलं नव्हतं. सांगितलं होतं. मी पायरीवर बसले.

‘तुम्हाला कधी कळलं?’

‘पहिल्या उत्तरालाच. छापून टेबलावर टाकून जेवायला गेली होतीस. इंग्रजी लिहिता येत नाही मला. वाचता येतं गे.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘चार महिने नाही बोललो. तुझ्याशी. तुझ्या ध्यानात नाही आलं?’

नव्हतं आलं. मी आठवून पाहिलं. त्या चार महिन्यांत ते माझ्याशी बोलत नव्हते, हे मला त्या दिवशी, त्या पायरीवर प्रथम कळलं. आतून अक्कांनी विचारलं, कोण आहे. त्यांनी दुसरं लेबल कापायला घेतलं.

‘खूप राग आला होता?’

‘आला होता. तिंगड गेलो तो सांगायलाच. नाहीतर कुरियर होताच की. त्या साहेबांच्या खोलीबाहेर बाक होतं. तिथे दोन तास चाळीस मिनिटं बसलो. काय बोलायचं ते इंग्रजीत जुळवत होतो.’ कात्री थांबली. ‘मग मनात आलं, या बाईने खोटं लिहिलं असं मी सांगणार. मग तो म्हणणार, जी बाई हे खोटं लिहिते, तिचे आकडे कसाला खरे मानू? सगळं पत्रच टोपलीत टाकेल. आकडे तर बरोबर होते. माझं नाव आलं असतं की नसतं, देव जाणे. त्या सरड्याला मात्र नाव मिळालं नसतं. उठलो, क्लार्ककडे सरडा दिला आणि आलो.’

‘मला माफ करा,’ मी म्हटलं.

‘ते नंतर. हिंगड ये.’

त्यांनी आतून एक मेलेली सापसुरळी आणली, परसात सापडलेली, स्पिरिटात ठेवलेली. भिंग आणि दोन सुया दिल्या. ‘कमरेभोवती मोज.’ मी मोजलं, सव्वीस. ‘पुन्हा.’ अठ्ठावीस. ‘पुन्हा.’ पंचवीस. कुठून सुरुवात केली तेच मला दर वेळी हरवत होतं. त्यांनी पहिल्या खवल्यावर शाईचा एक ठिपका ठेवला. ‘आता.’ त्या दिवशी मी तीन तास मोजत होते. त्यांनी एकदाही बरोबर आकडा सांगितला नाही, आणि एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी घरी येऊन संशोधकांना लिहिलं. सगळं लिहिलं. कोणी ओळखलं, कोणी मोजलं, कोणाची वही, आणि ‘मी’ कुठून आला. पाठवायचं बटण दाबायला मला त्या ‘आय काउंटेड’पेक्षा किती तरी जास्त वेळ लागला.

चार दिवस काही आलं नाही. मग एक छोटं, थंड पत्र आलं. प्राण्याचं नाव एकदा रीतसर छापून आलं की ते बदलता येत नाही, नियम तसा आहे. चुकीच्या माणसाच्या मानासाठी दिलं असलं तरी नाही. आपण एक टिपण प्रसिद्ध करू शकतो, ते तुमच्या सहीने यावं. आणि तंजावूरला मी येणारच आहे. कीपर साहेबांचा पत्ता कळवा.

टिपण मी लिहिलं. दोन परिच्छेदांचं. ते काही महिन्यांनी छापून आलं. कॉलेजात ज्यांनी वाचलं त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी माझ्याशी बोलायचं थांबवलं असतं तर ते माझ्या लगेच ध्यानात आलं असतं, पण तसंही कोणी केलं नाही. प्राचार्य फक्त म्हणाले, ‘याची गरज होती का, मिस?’ शाल अजून माझ्या कपाटात आहे. टाकवत नाही, वापरवत नाही. तो सरडा मात्र जिथे कुठे छापला जातो तिथे माझ्याच नावाने छापला जातो. मी मेल्यावरही तसाच छापला जाईल.

संशोधक आले ते सकाळच्या गाडीने. स्टेशनवर मी रिक्षा घेऊन गेले होते. माणूस चाळिशीचा, उन्हाने रापलेला, पाठीवर मोठी पिशवी. माझ्याशी सभ्यपणे बोलले, जेवढं लागेल तेवढंच. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली, तिथून आम्ही चालत गेलो. पांबू सार तिण्णैवर उभे होते. इस्त्री केलेली वेष्टी, त्यावर तो पांढरा कोट. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घातलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

संशोधकांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. पांबू सार गोंधळले, मागे सरकले, मग म्हणाले, ‘दहा बावीस झालेत. गाडी नऊ मिनिटं उशिरा होती काय?’

संशोधक हसले. ‘आठ, सार.’

‘नऊ. स्टेशनचं घड्याळ एक मिनिट मागे आहे.’

मग ते दोघे आत बसले. जमिनीवर पाट, मध्ये ताटल्या, भिंगं, सुया, शाईची दौत. मी पुढे काय झालं ते ओट्यावरून ऐकत होते. तमिळ आणि मोडकं इंग्रजी, आणि मधून आकडे. पांबू सार एरवी दिवसभरात जेवढं बोलायचे त्यापेक्षा त्या सकाळी जास्त बोलले. एका रांगेवरून वाद झाला, दोघांनी पुन्हा मोजलं, संशोधक चुकले होते. ते खुशीत ओरडले, ‘सार, हे मी नऊ वर्षं चुकीचं मोजत होतो!’ मला कोणी ओरडून असं काही सांगितलेलं नाही. एकदा त्यांनी बाहेर डोकावून मला विचारलं, ‘तुम्ही एक मोजणी करून बघता का? तिसरी मोजणी असली तर बरं.’

मी उठले, तेवढ्यात आतून पांबू सार सहज म्हणाले, ‘तिला नको. तिचे अजून दोन चुकतात.’

त्यात कडवटपणा नव्हता. वस्तुस्थिती होती. संशोधक ‘बरं’ म्हणून आत गेले आणि मी परत बसले.

अक्का स्वयंपाकघरातून दोन डबऱ्यांत, म्हणजे पसरट वाट्यांत, कॉफी घेऊन आल्या. त्यांचं वय झालं होतं, म्हणून मी पुढे होऊन डबरे त्यांच्याकडून घेतले. आत खूप हसण्याचा आवाज झाला. अक्कांनी आयुष्यभर त्या घरात भावाला असं हसताना ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. त्या दाराकडे बघत राहिल्या.

‘कोण मोठे साहेब आलेत?’ त्यांनी विचारलं. ‘तुझ्याकडे आलेत का?’

‘नाही अक्का,’ मी म्हटलं. ‘त्यांच्याकडे.’

आणि ते म्हणतानाही मला हेवाच वाटत होता. मी कॉफी निवायच्या आत घेऊन गेले.